अर्धा थेंब

सव्वीस वर्षं चोपड्याच्या कॉलेजात
ब्युरेट धुतोय मी.
आधी नळाचं पाणी, मग ऊर्ध्वपातित,
मग जे भरायचं त्याच द्रावणाचे दोन घोट.
काचेलाही आधी चव दाखवावी लागते.

कॉस्टिकच्या गोळ्या झटपट तोलायच्या.
उघड्या राहिल्या की हवेतलं पाणी पिऊन घामेजतात,
तराजूशी खोटं बोलतात.
बोटांवरची ती बुळबुळ माझ्या जुन्या ओळखीची.
आई केळीची सालं वाळवून जाळायची,
राखेचं पाणी निथळून पापडाच्या पिठात.
खार म्हणायची त्याला.
हळदीचा हात त्यात बुडाला की लालभडक,
मला वाटे बोट कापलं.
ती लिंबाची फोड चोळायची,
पुन्हा पिवळा.
निर्देशक हा शब्द मला फार उशिरा भेटला,
एका बाटलीच्या चिठ्ठीवर,
आणि तोही मीच चिकटवलेल्या.

फेब्रुवारी. प्रात्यक्षिक परीक्षा.
शहाद्याहून आलेले बाहेरचे परीक्षक
बिनसाखरेचा चहा घेऊन खिडकीशी बसलेत.
ग्यारसी बारेला, वैजापूरच्या वरच्या पाड्यावरची,
एसटी चुकली म्हणून दुधाच्या गाडीतून आली.
एप्रन कुणाचा तरी मागून आणलेला,
खिशावर भरतकामात दुसरंच नाव.

पहिल्या खेपेला चावी जरा जास्त फिरली.
फ्लास्कमध्ये राणी रंग.
ती माझ्याकडे बघून कुजबुजली,
"भाऊ, हाऊ ते लगीनना रंग व्हई गया."

मी बोलायचं नसतं.
मी जुन्या उत्तरपत्रिकेची पाठकोरी बाजू
तिच्या फ्लास्कखाली सरकवली,
आणि फरशी पुसायला लागलो, कोरडीच.

दुसरी खेप.
डावा हात चावीवर, उजव्याने फ्लास्क गोल गोल,
ताक हलवावं इतकं हळू.
गुलाबी येतो, ढवळला की जातो,
पुन्हा येतो, थोडा जास्त थांबतो.
नऊपासून पुढे तिने श्वासच घेतला नसावा.
मग टोकाशी लोंबणारा अर्धा थेंब
काचेच्या आतल्या अंगाला टेकवला
आणि वॉश बॉटलच्या धारेने खाली लोटला.
हे पुस्तकात नाही.
ऑक्टोबरात झाडू बाजूला ठेवून दाखवलं होतं.

रंग उमटला.
कपाशीचं पांढरं फूल
दुसऱ्या दिवशी पडतं तेवढाच.
नऊ दशांश सहा.
तिसरी खेप, नऊ दशांश सहा.
आम्ल नाही, अल्कली नाही,
आता आत नुसतं खारं पाणी,
सकाळी ज्या दोघांनी माझी बोटं भाजली असती त्यांचं.

पाचला सगळे गेले.
विसरलेलं पेन न्यायला ती परत आली
आणि टेबलापाशी थबकली.
तिचा फ्लास्क पांढरा, पाण्यासारखा.
"भाऊ, रंग काबर उडी गया?"
म्हटलं, हवेनं.
अडतीस पोरं दिवसभर श्वास सोडत होती इथे,
त्यातलं आम्ल हळूहळू उतरलं आत.
"मंग मन्हा मार्क?"
ते लिहून झालेत, जा, गाडी चुकेल.

ती गेली. फ्लास्क बेसिनमध्ये ओतले.
ते पाणी मागच्या भिंतीतून
एका केळीच्या बुडाशी जातं.
पाटीलसरांनी हौसेने लावलेली.
पानं हिरवीगार.
घड मात्र अजून नाही.