बाबाच्या गाठी

फॉर्मवर लिहिलं: डोमाजी वलथरे, वय एकाहत्तर,
तालुका अर्जुनी मोरगाव,
धंदा मासेमारी, सोबत मुलगी.
रात्री लघवीला किती वेळा उठतात, बाईंनी विचारलं.
बाबा पंख्याकडे बघू लागला.
गावातल्या शंभर बायांच्या तारखा मला पाठ,
आशाताई म्हणतात मला,
आणि हे एक उत्तर
मी अंदाजानं दिलं.

पस्तीस दिवस शेक घेतला होता त्यानं नागपुरात,
भाच्याच्या खोलीवर राहून.
वर्षभर रक्तातला आकडा खाली बसला.
मग चढला, हळूच,
तलावाच्या बांधाला आतून ओल यावी तसा.

चार भोकं पाडू, डॉक्टरबाई म्हणाल्या,
पोटात हवा भरू, दुर्बीण घालू,
ओटीपोटातल्या गाठी काढून बघू
कुठवर गेलंय ते.
शेकानं आत सारं चिकटलेलं असतं,
वेळ लागेल.
बाबा जिन्यात मला म्हणाला,
"चार भोकायनं का होते?
मरळ त एकातूनच जाते."

साडेतीन तासांनी हिरव्या कपड्यातल्या पोरानं
दारातून हाक मारली: वलथरेचं कोण?
हातात बरणी दिली.
रस्त्यापलीकडे, मेडिकलच्या वर, लॅब. पावती घ्या.
पाण्यासारख्या औषधात
अकरा तुकडे, पिवळट,
कोणी कणीएवढा, कोणी चिंचोक्याएवढा.
मी बरणी पदराखाली धरली
आणि धानाचे ट्रक जाईपर्यंत
कडेला उभी राहिले.

शुद्धीवर आल्यावर म्हणाला, खांदा दुखते.
कापलं पोट अन् दुखते खांदा?
हवा असते, मी म्हटलं. निघून जाते.
मग बऱ्याच वेळानं, भिंतीकडे तोंड करून,
"किती निघाल्या?"
अकरा.
"फेकल्या का?"

आता पंधरा दिवस पाण्यात उतरायचं नाही.
छपरीत बसून जाळं विणतो,
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून,
प्रत्येक गाठ नखानं दाबून बघत.
फोन आला तेव्हा मी हापशीवर होते.
ओल्या हातानंच घरी आले.
त्यानं मान वर केली नाही.
दोन, मी म्हटलं. अकरातल्या दोन.

"कोणत्या बाजूच्या?"

हे मी विचारलंच नव्हतं.

"विचारून घेजो," म्हणाला,
आणि दोरा दातानं तोडला.