तांदळाचं पाणी

घणसोलीच्या एका कुंपणावरून तोडलेल्या सहा शेंगा,
त्यांतल्या दोन किडक्या.
बिया नेलकटरच्या कानशीवर घासल्या,
थोड्याच, पाठीकडून, डोळा सोडून,
आणि रात्रभर वाटीत भिजवल्या.
ज्या फुगल्या त्या पेरल्या
रंगाच्या रिकाम्या डब्यात. तळाला खिळ्याने भोकं.
डब्यावर अजून लिहिलेलं आहे : ‘बाहेरच्या भिंतींसाठी’.

कोपरखैरणे, पहिला मजला.
खिडकीला गज, गजाला केबलची जुनी वायर
जिच्यातून आता काहीच येत नाही.
गोकर्णीला तेवढं पुरलं.
जूनमध्ये ती माझ्या खांद्याला होती,
गणपतीत छज्जा ओलांडून गेली,
आणि फुलं दिसेनाशी झाली.
म्हणजे पानं माझ्याकडे, फुलं वर.

वर पाटकर. कुमुदिनी पाटकर.
त्यांच्या न्हाणीघराची गळती माझ्या छतावर
तीन वर्षं एक नकाशा काढते आहे.
सोसायटीच्या वहीत आमच्या सह्या
एकाच पानावर, एकमेकींविरुद्ध.
जिन्यात भेटलो तर
आपापल्या पिशव्यांकडे बघत जातो.

मी खाली घालते शेणखत, धुतलेला चहाचा चोथा,
मावा आला की साबणाचं पाणी,
आणि निळं उघडतं त्यांच्या सकाळीत.
राग आला. खरंच आला.
एकदा कात्री घेऊन उभी राहिले :
पेन्सिलीएवढं खोड, एक चाप.
तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

फेब्रुवारीत मात्र छाटायलाच हवं.
फूल येतं ते नव्या फुटव्याला,
जुनं लाकूड नुसतं धरून बसतं.
आणि ते बसलेलं त्यांच्या गजांना विळखा घालून.
खालून ओढलं तर मुळापासून हलेल.
गेले. बेल वाजवली.

दार उघडून त्यांनी माझ्या हातातली कात्री बघितली,
काही न बोलता आत गेल्या,
स्वतःची घेऊन आल्या.

‘वरचं मी कापते, तुम्ही खालून घ्या.’
मग गजांतून वाकून :
‘तांदळाचं पाणी मी रोज डब्यातच सोडते हं.
नेम चुकतो कधीकधी.’

ते थेंब. दुपारचे, दुधट,
माझ्या वाळत घातलेल्या परकरांवरचे,
ज्यांची मी तारीखवार नोंद ठेवली होती.

डबा बदलताना मुळं बघायला मिळाली :
बारीक गाठी, मोहरीएवढ्या.
त्यातून ती मातीलाच खाऊ घालते म्हणे.
मला त्यातलं फार कळत नाही.
गुडघ्याएवढं खोड ठेवलं, बाकी सगळं
पाटकरांच्या भाजीच्या पिशवीतून कचऱ्यात.

छतावरचा नकाशा तसाच आहे.
प्लंबरचे पैसे कोणी द्यायचे ते अजून ठरायचंय.
एप्रिलात खोडाला फुटवे आले, सात.
मी मोजले.
वरून त्यांनीही मोजले,
नऊ म्हणाल्या.