मापाडी

रात्री पावणेतीनला
लातूरच्या सरकारी दवाखान्यात टेबल आत सरकलं.
बसलिंगअप्पा हत्तरगे, वय त्रेसष्ट,
आडतीत चौतीस वर्षं मापाडी.
सोबत व्हेंटिलेटर, दोन सिलिंडर, एक ब्रदर.
काचेअलीकडं मी.
"श्वास धरा" म्हणायची सवय माझ्या जिभेला,
आज तो यंत्रानंच धरला.

नवं सॉफ्टवेअर आता फुप्फुस रंगवतं.
हवा खेळते तिथं निळं,
धुरकट काच झाली तिथं पिवळं,
हवा संपली तिथं लाल.
आणि खाली कोपऱ्यात वजन.
होय, वजन. ग्रॅममध्ये.
माणूस न उघडता.

पहिला आकडा, अकराशे नव्वद.
मध्यम, म्हणालं.
मी चहाचा कप खाली ठेवला.
पाठीकडचा भाग, तळाला साचलेला, पार दगड झालेला,
त्यानं धरलाच नव्हता.
इतका घट्ट, की त्याला वाटलं
हे बरगड्यांचंच मांस.
सगळ्यात आजारी होतं
तेवढंच मापाबाहेर.

मग माउसनं रेघ ओढत बसलो,
एकेक काप,
दुसऱ्याच्या रानाचा बांध कोरू नये
तसा जपून.
सोळाशे साठ.
लाल, बेचाळीस टक्के.
तीव्र.

डॉक्टर फरहीननं फोनवर एवढंच विचारलं,
"पाठीकडंच ना?"
"पाठीकडंच."
"मग पालथं घालू."

बाहेर महानंदा, चप्पल हातात घेऊन.
"किती निघालं?"
आडतीच्या दारात विचारावं तसं.
मी टक्के सांगितले. ती ऐकत नव्हती.
"अप्पानं कुणाचं पसाभर कमी धरलं नाही बगा.
तुमच्या मशीननं धरलं व्हतं म्हणं?"
ब्रदर बोलला असणार.
"धरलं होतं," म्हणालो. "नीट केलं."

पहाटे पाच जणांनी मिळून त्यांना उलटं केलं,
नळ्या सांभाळत, एकमेकांवर ओरडत.
पायली उलटी करतात ती रिकामी करायला.
ही भरायला.

मॉनिटरवर चौऱ्याऐंशी.
मग बराच वेळ चौऱ्याऐंशीच.

आडतीत पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
महानंदा काचेला कपाळ टेकून
बापाच्या पाठीची उचल मोजत होती.
ओठ हलत होते.
सुरुवात तिनं कशानं केली
मला ऐकू आलं नाही.