सतरा सेकंद

यावलच्या वर, धरणाच्या पाठीला
दगडात रोवलेली एक खोली आहे.
खिडकी नाही. पंखा नाही, त्याची घरघरसुद्धा सुईला कळते.
केळीचा ट्रक कळतो,
डबा घेऊन आलेला मीही कळतो:
माझी पावलं कागदावर मुंग्यांच्या रांगेसारखी.

सव्वीस वर्षं मी या कागदाचा चाकर.
रोज सकाळी ढोलावरचा कागद बदलतो, तारीख टाकतो,
घड्याळ जुळवतो.
बाकीचं काम जमिनीचं.

परवा रात्री दोन वाजून चौदा मिनिटांनी
सुई दचकली.

पहिली लाट ढकलणारी.
माझे वडील भुसावळच्या यार्डात शंटिंगला होते,
म्हणून ती मला पुस्तकाआधीच माहीत.
इंजिन एका टोकाला टेकतं,
ठक्, ठक्, ठक्, धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो
आणि मधला प्रत्येक डबा जवळजवळ जागच्या जागी.
दगड कुठंच जात नाही.
धक्का जातो, सेकंदाला सहा किलोमीटर.

मी मोजू लागलो.
एक. दोन. कंदील नीट केला. पाच.
बाहेर कुत्रं भुंकायचं थांबलं. नऊ.
जितकी उशिरा येईल तितकं लांब झालं असेल,
म्हणून ये गं, उशिरानं ये.
चौदा. पंधरा.

सतराव्या सेकंदाला दुसरी आली.
ती आडवी. ठिबकची नळी गुंडाळताना
टोकाला झटका दिला की जी वळवळत जाते, तशी.
घरं पाडते ती बहुतेक हीच.
पाण्यातून मात्र तिला जाता येत नाही:
पाण्याला बाजूला ओढलं तर ते परत ओढत नाही,
सोडून देतं.
पृथ्वीच्या पोटात काही वितळलेलं आहे
हे माणसाला त्यावरूनच कळलं,
ती पलीकडे पोचली नाही त्यावरून.
न आलेल्या पाहुण्यावरून
नदीला पूर आहे हे कळावं, तसं.

सतरा गुणिले आठ, एकशे छत्तीस.
इतकं लांब. पण कुठल्या दिशेला?
ते एका सुईला सांगता येत नाही.
ती फक्त वर्तुळ देते.

नकाशावर कंपास टेकवला, फिरवला.
पेन्सिल मालेगावच्या कडेनं गेली,
सातपुडा ओलांडून बडवानीच्या पल्याड गेली,
आणि त्या दोन्हींच्या मध्ये
शहाद्यावरून गेली.

शहाद्याला माझी हर्षाली.
घर काळ्या मातीवर, मीच पाहून दिलेलं.
दगडातून वेगानं आलेली लाट मऊ मातीत मंदावते,
आणि मंदावली की उंच होते.
हे मला माहीत होतं.
तेव्हा मी विहीर पाहिली होती, शेजार पाहिला होता.

एरवी तापी पश्चिमेला का जाते, असं कुणी विचारलं
तर मी छान सांगतो:
दोन भेगांमधली जमीन खचली, नदीनं ती वाट धरली,
उनपदेवचं ऊन पाणी खालूनच येतं.
त्या रात्री मला काहीच छान सांगता आलं नसतं.

दोन एकतीसला धुळ्याहून रमजान तडवीचा फोन,
मग बऱ्हाणपूरहून बोरसेबाईंचा.
त्यांची वर्तुळं माझ्या वर्तुळावर काढली.
तीन वर्तुळं एका बिंदूत भेटतात, असं पुस्तक म्हणतं.
माझी भेटली नाहीत.
मध्ये एक छोटा त्रिकोण उरला,
शहाद्याच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी.
नखाएवढा.

हर्षालीनं फोन उचलला. “काही नही झालं, आबा.
फडताळातले पेले वाजले. तुम्ही झोपा.”
मी खुर्चीत बसलो आणि हसलो,
मोठ्यानं. सुईनं तेही लिहिलं असेल.

मग चष्मा लावून त्रिकोणात पाहिलं.
एक ओढा. जंगलाची हिरवी छटा.
आणि दोन काळे ठिपके: पाडे,
नाव नसलेले. छापणाऱ्यानं जागा सोडलीच नव्हती.

सकाळी अहवालाच्या शेवटच्या रकान्यात
‘हानी नाही’ असं लिहिलं.
कागद बदलला, तारीख टाकली.
परत येऊन ‘नाही’ खोडलं,
आणि लिहिलं,
‘अजून कुणी कळवलेलं नाही’.