दोन वह्या

कोत्काच्या बंदरात फेब्रुवारीत बर्फ बोलतो,
जहाज सरकलं की रात्रभर दात खातो.
फोन आला पहाटे पावणेपाचला,
शाळेची फरशी अजून अर्धी पुसायची होती.
"बर्मी येतं ना तुला? ये जरा. जाड मोजे घाल."
सिमो. खलाशी संघटनेचा निरीक्षक.
एवढं बोलला म्हणजे त्याच्या मानानं भाषणच.

जहाजात पांढरी माती, कागदाच्या गिरणीसाठी.
झेंडा अशा देशाचा, ज्याला समुद्रच नाही.
मालक कोण विचारलं की कॅप्टन छताकडे बघतो.
खलाशी बारा : पाच जॉर्जियाचे, सात आमच्या मुलखातले.

कॅप्टननं वही काढली. सुबक. रेघा मारलेली.
नावापुढे पगार, पगारापुढे सही,
ओव्हरटाइमचे तास तर
जिनिव्हाच्या सभागृहात वाचून दाखवावेत असे.
सिमोनं पानं उलटली. मग म्हणाला,
"स्वयंपाकघर बघू."

थेइन म्यिंट, आचारी, आमच्याच मॉलम्याइनचा.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं,
तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला
आणि दुसरी वही काढली.
दाखवायचे दात वेगळे असतात,
खायचे हे असे तांदळात पुरलेले :
सात महिने निम्मा पगार. दोन महिने काहीच नाही.
झुराबच्या मोडलेल्या बोटाचे
चाळीस डॉलर वजा.

डेकवर सगळे जमले.
सिमो म्हणाला, यांना सांग,
घाबरू नका, संघटना पाठीशी आहे.
घाबरू नका, एवढं मी सांगितलं.
पुढच्या शब्दाशी जीभ अडली.
थमग्गा.
आमच्या घरी हा शब्द वडील दार लावून उच्चारत,
आणि ते भातगिरणीतून परतले नाहीत त्या वर्षी
आईनं तो जुन्या भांड्यांबरोबर माळ्यावर टाकला.
मी मोठ्यानं म्हटला.
तोंडातून वाफ निघाली.
बाकी काही झालं नाही.

नाही, झालं. खाली क्रेन थांबली.
घोषणा नाही, फलक नाही.
राइली शिडीवरून उतरली,
हातमोजे काढून म्हणाली, "कॉफी."
ती कॉफी एकोणीस तास चालली.
झुराबला राहवेना : हिला यात काय मिळतं?
राइलीनं बराच वेळ कपात पाहिलं.
"उद्या तुझ्या पगारात कुणी माझी क्रेन चालवायला आला तर?"
मग लाजल्यासारखी, "आणि बोट दाखव बघू तुझं."

दुसऱ्या दिवशी पैसे आले.
मालक नसलेल्या जहाजाचे पैसे
कुठून उगवतात, कोण जाणे.
अकरा जणांनी मोजले, सह्या केल्या.
बारावा, लिन लिन, जेमतेम विशीचा,
हात पाठीमागे बांधून उभा.
"काळ्या यादीत नाव जाईल.
यांगोनच्या एजंटाकडे आईची कर्णफुलं आहेत."
मी भाषांतर केलं.
सिमो खोटं बोलला नाही. "जाऊ शकतं," म्हणाला.
"याद्या आम्हीही ठेवतो, पण त्यांची जुनी आहे."
पाकिटावर पोराचं नाव लिहिलं,
तीनदा अक्षरं विचारून,
आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

जहाज गेलं. धक्क्यावर
पांढरी पावलं उरली, मातीची.
राइलीनं मला बसथांब्यावर सोडलं.
"तू कुठल्या संघटनेत?"
मी? मी फक्त भाषांतर करते.
ती हसली नाही. गाडी चालू ठेवूनच थांबली,
बस येईपर्यंत.

घरी येऊन पगाराची पावती काढली.
सुबक. रेघा मारलेली.
रात्रपाळीचे तास शोधले, पुन्हा शोधले.
मग मुलाची गणिताची वही घेतली,
मागून उघडली,
आणि पेन्सिलीनं पहिली तारीख लिहिली.