अधिक बावीस

ढमढेरे सरांची गाडी कात्रजचा घाट
तिसऱ्या गिअरात निवांत चढते,
आणि वारज्याच्या सिग्नलला, उभ्या उभ्या,
थरथरून बंद पडते.
एवढं सांगून त्यांनी अर्धं निदान केलं होतं.
त्यांना ते माहीत नव्हतं.

त्यांच्याकडे वही होती. दर टाकीची तारीख,
लिटर, किलोमीटर, लाल शाईत सरासरी:
सोळाची चौदा, चौदाची बारा.
तीन पंप बदलले. चौथ्यावर
लेखी तक्रार दिली, माप मारता म्हणून.
आधीच्या गॅरेजनं प्लग बदलले, सेन्सर बदलला,
दर वेळी दिवा तेवढा विझवून दिला.

मी स्कॅनर जोडला.
आयडलला अधिक बावीस.
अडीच हजारावर अधिक चार.
"पुसू का?"
परदेशी उस्ताद चहा तसाच ठेवून उठले.
"पुसलंस की विसरली ती सगळं.
कुणाला न सांगता महिनोन् महिने
बावीस टक्के जास्तीचं ओततेय,
उगाच का?
पेट्रोल कमी पडतं तर चढावर रडली असती.
ही उभ्यानं रडते.
हवा येतेय कुठूनतरी,
मोजणाऱ्याच्या पाठीमागून."

फळीवरच्या गणपतीपुढची उदबत्ती घेतली,
पेट्रोलच्या नळीपासून हात लांब ठेवून
चालू इंजिनावरून फिरवली.
धूर सरळ वर, सरळ वर,
आणि मॅनिफोल्डमागच्या रबरी कोपराशी
एकदम वळून आत गेला,
घरचाच असल्यासारखा.

नखाएवढी चीर.
नाना पेठेत कोपर नव्वद रुपयांना.

बसवला. थरथर गेली, पण मागे
कच्च्या पेट्रोलचा वास येतच राहिला.
भोक बुजलं तरी हात सैलच होता तिचा.
"आता पूस हवं तर," उस्ताद म्हणाले,
"नाहीतर पानशेतपर्यंत फिरू दे, शिकेल आपली आपण."
"खोडाखोड नको," सर म्हणाले.

मग रोज संध्याकाळी येत, बोनेटवर वही टेकवून:
अठरा. अकरा. रविवारी आलेच नाहीत. सहा.
आठव्या दिवशी अधिक दोन.
"हे दोन कसले?"
"राहतात," उस्ताद म्हणाले.

सरांनी दोन लिहिले. माझ्याकडे कोरा कागद मागितला,
जुन्या टायरवर बसून सुरुवात केली:
माननीय पंप व्यवस्थापक यांस,
आणि पेन थांबलं.
"ही जी चोरहवा म्हणता तुम्ही,
हिला पत्रात काय लिहायचं?"