दहा ते अकरा

चपला आत आणल्या तरी चालतात.
हे आधीच सांगते, कारण नवं माणूस
दारात तिथेच अडखळतं.

रविवारी दहाला, कोपरखैरण्यात,
पिठाच्या गिरणीवर उन्मेष सरांचा
दहावीचा क्लास आहे ना, तीच खोली.
बाक सरकवून आम्ही गोल करतो.
गोल म्हणजे अंडाकृती, मध्ये खांब येतो.
फळ्यावर शनिवारचं समीकरण
अर्धं सुटलेलं असतं. ते कुणी पुसत नाही.

व्यासपीठ नाही, नारळ नाही, मेणबत्तीसुद्धा नाही.
सभा म्हणायचं आणि भाषण नाही,
माझ्या जावेला हे अजून पटलेलं नाही.
"मग करता काय?"
बसतो.
"आणि?"
बसूनच राहतो.

पहिली दहा मिनिटं तुम्हाला गॅस आठवेल,
बंद केला होता का.
मग सोसायटीचा मेंटेनन्स,
मग शाळेतलं कुणीतरी, चेहरा आहे, नाव नाही.
मग पोट वाजेल, आणि वाटेल सगळ्यांनी ऐकलं.
ऐकलेलं असतं. आमचंही वाजतं.
खाली गिरणी सुरू होते, ज्वारी पडते,
खारी-बटरवाला गल्लीतून ओरडत जातो.
त्यांच्यावर चिडायचं नसतं
हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते.
एकोणतीस वर्षं कानाला हेडफोन.
शांतता दोन प्रकारची असते, एवढं मला कळतं.
एक मेलेल्या लाइनीची,
कानात कापूस कोंबल्यासारखी.
आणि एक अशी, की पलीकडे कुणी
रिसीव्हर उचललाय, बोलत नाही,
श्वासही ऐकू येत नाही,
पण आहे.
अशा लाइनीवरचा प्लग आम्ही काढत नसू.

ती दुसरी इथे येते.
पंचवीस मिनिटांनी, कधी चाळीस,
कधी येतच नाही, आपण उठून चहा पितो.
शांतवन उजगरे तिला आतला उजेड म्हणतात.
मी लाइन म्हणते.
तुम्ही देव म्हणा, किंवा काहीच म्हणू नका,
रजिस्टरात तसला रकाना नाही.

कधी कुणी उभं राहील.
परवा शांतवनच उठले, गुडघ्यावर हात टेकून.
"माझा भाऊ कळव्याला राहतो," म्हणाले.
"सात वर्षं झाली." आणि बसले.
उत्तर द्यायचं नाही.
हळहळून च्च करायचं नाही.
"माझंही तसंच" म्हणून लगेच उठायचं तर नाहीच.
विहिरीत कळशी सोडतो ना,
तसं ते वाक्य भरू द्यायचं, खाली जाऊ द्यायचं.

तुम्हालाही बोलावंसं वाटेल. थांबा.
थांबूनही ते बरगड्यांना धडका देत राहिलं
तर उठा.
मी चार वर्षांत एकदाच उठले.
काय बोलले ते सांगत नाही.

गेल्या श्रावणात एक मुलगा आला.
जिन्याखालची "मित्रांची सभा" ही पाटी वाचून
त्याला वाटलं, दुसरं एखादं मित्रमंडळ.
गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक हातात,
तोंड उघडलं,
आमच्याकडे पाहिलं,
आणि बसला.
बावन्न मिनिटं. पुस्तक मांडीवर उपडं.
अकराला प्रत्येकानं शेजारच्याचा हात हातात घेतला,
सभा तशीच संपते, त्याचाही घेतला.
पार्ले बुडवून चहा प्यायला, गेला.
वर्गणी मागायची राहिली.
पेनही राहिलं, निळ्या टोपणाचं.
साखरेच्या डब्याशेजारी ठेवलंय, येईल तेव्हा येईल.

तर, या.
उशीर झाला तरी या,
फक्त दार सावकाश लोटा, बिजागरी कुरकुरते.
तिला तेल घालायचं
आमचं दर रविवारी ठरतं,
अकरा वाजून गेल्यावर.